टीव्ही कॅलिब्रेशनला पैसे द्यावेत का : लातूरच्या स्टुडिओतल्या नोंदी

१२ फेब्रुवारी

स्टुडिओत ५५ इंची ओएलईडी लागला एकदाचा. सोफ्यासमोरच्या भिंतीवर, जिथं पार्टी बसून लग्नाची फायनल फिल्म बघते तिथंच. ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड जुळवायचं काम, आम्ही मॉनिटरवर करतो, पण पार्टी पास करते ती या टीव्हीवर बघून, म्हणजे शेवटचा शब्द याचाच. पुण्याच्या एका कॅलिब्रेशनवाल्यांशी फोनवर बोललो. एसडीआर (साधा व्हिडिओ) आणि एचडीआर (जास्त उजेड-रंगाचा) मिळून १४ हजार, आणि लातूरला यायचं-जायचं भाडं वेगळं. आमच्या धंद्यात हा आकडा लहान नाही, लगीनसराईत एवढ्यात जादाचा कॅमेरावाला उभा करता येतो.

उदगीर आणि अंबाजोगाईचे ओळखीचे स्टुडिओवालेही हेच विचारायलेत, करून घ्यावं का नको. म्हणून ठरवलंय की एकेक गोष्ट करायची आणि प्रत्येक टप्प्याला काय फरक पडला ते इथं लिहायचं. फुकटात होतंय ते आधी, मग कुणाचा तरी मीटर मागून आणायचा, आणि मगच पैसे. सगळं एकदम करून घेतलं तर नेमकं कशानं काय सुधारलं ते कधीच कळायचं नाही.

१३ फेब्रुवारी

कॅलिब्रेशन म्हणजे काय ते स्टुडिओतल्या पोरांना समजावून सांगितलं, इथंही टाकतो. पिक्चर भारी करणं म्हणजे कॅलिब्रेशन नाही. फिल्म करणाऱ्यानं त्याच्या मॉनिटरवर जे बघितलं तेच समोरच्या टीव्हीवर दिसावं, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याची मापं ठरलेली आहेत. एचडीच्या रंगांसाठी बीटी.७०९, हे १९९० चं. पांढरा कुठला धरायचा तर डी६५, साधारण ६५०० केल्व्हिनचा (हा आकडा जेवढा मोठा तेवढा पांढरा निळसर), रंगांच्या नकाशावर एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जावा ते बीटी.१८८६ मधे, ते २०११ साली आलं, तोवर जुन्या पिक्चर ट्यूबच्या मूळ स्वभावावरच सगळ्यांचं चाललं होतं. अंधाऱ्या खोलीत गॅमा, म्हणजे त्या चढाचा आकडा, २.४ आणि पूर्ण पांढऱ्याचा उजेड १०० निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप). एचडीआरचा हिशोब वेगळा आहे, त्याच्यावर नंतर लिहितो.

अडत लाईनीत वजनमापवाले येऊन काटा तपासून शिक्का मारून जातात ना, तसलंच काम आहे हे. सोयाबीन चांगलं का खराब ते काटा सांगत नाही, पण क्विंटल म्हणजे क्विंटलच भरतं.

१५ फेब्रुवारी

आज फुकटातलं पहिलं काम, पिक्चर मोड. टीव्ही व्हिव्हिडवर होता. दुकानात ट्यूबलाईटच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून पांढरा निळसर केलेला असतो, रंग फुगवलेले, कडा कोरून काढल्यासारख्या. बीडच्या एका लग्नाचा हळदीचा भाग लावला. आमच्या मॉनिटरवर हळद म्हणजे हळदच, इथं ती लिंबासारखी हिरवट, आणि नवरदेवाच्या गालावरची हळद आणि मागचा झेंडूचा पडदा यांच्यात फरकच कळेना, दोन्ही नुसतं पिवळं जळायलेलं.

फिल्ममेकर मोड लावला आणि निम्मं भांडण तिथंच मिटलं. हा मोड २०१९ मधे यूएचडी अलायन्सनं, म्हणजे टीव्ही कंपन्या आणि सिनेमा स्टुडिओंच्या संघटनेनं, जाहीर केला. पांढरा डी६५ च्या जवळ, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदनिंग (हालचाल गुळगुळीत करणं) बंद, फ्रेम रेट आणि आकार मूळ आहे तसा. ज्या टीव्हीत हा मोड नाही त्यात सिनेमा किंवा मूव्ही लावायचा, सोनीत कस्टम आणि नव्या मॉडेलात प्रोफेशनल. कलर टेम्परेचरला प्रत्येक कंपनीचं नाव निराळं, सॅमसंगला वॉर्म २, सोनीला एक्स्पर्ट १, एलजीला वॉर्म ५०, पण सगळ्यात वॉर्म ऑप्शन तोच बहुतेक वेळा ६५०० च्या सगळ्यात जवळ असतो. सोबत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केला, आणि एनर्जी सेव्हिंगचा सेन्सरही, कारण खोलीत कुणी लाईट लावला घालवला की पिक्चरचा उजेड आपोआप खालीवर व्हायचा, तसल्या टीव्हीवर कसला निर्णय घेणार.

मोशन स्मूदनिंगबद्दल जरा जास्त लिहितो. आम्ही इकडं २५ फ्रेमवर शूट करतो, शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि मंडपातले एलईडी नाहीतर लुकलुकतात. वरातीत हलगीवाला जोरात वाजवायला लागला की स्मूदनिंग चालू असलेला टीव्ही मधल्या फ्रेमा स्वतःच्या मनानं बनवतो आणि हलगीवाल्याच्या बोटांभोवती पाण्यासारखं काहीतरी हलत राहतं. एकदा बघितलं की डोळ्याला तेच दिसतं. बंद केलं, हलगी हलगीसारखी दिसायला लागली.

दुपारी आई डबा घेऊन आली, बघून म्हणाली, "नवीनच आणलाय ना रे, मग पिवळा कशामुळं दिसायलाय?" तिचं बरोबरच आहे, निळ्या पांढऱ्याची सवय झालेल्या डोळ्याला खरा पांढरा पहिल्यांदा पिवळाच वाटतो. काही दिवस तसाच ठेवायचा, मागं फिरवायचा नाही. सवय झाल्यावर जुना मोड लावून बघितला तर तोच आता ट्यूबलाईटसारखा निळा टोचतो.

१८ फेब्रुवारी

हा दिवस माझ्या मते सगळ्यात कामाचा, आणि ह्याच्यावर कुणी बोलत नाही. लेव्हल.

व्हिडिओत काळा शून्यावर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. कॉम्प्युटरचा हिशोब मात्र ० ते २५५. आता ग्राफिक्स कार्ड एचडीएमआयमधून ० ते २५५ पाठवायलंय आणि टीव्ही १६ ते २३५ चीच अपेक्षा धरून बसलाय असं झालं की १६ च्या खालचं सगळं काळ्यात गडप. उलटं झालं तर काळा राखाडी दिसतो, पिक्चरवर धूर बसल्यासारखा. आमच्याकडं पहिला प्रकार होता. नवरदेवाची काळी शेरवानी नुसता काळा ठोकळा दिसायची, तिच्यावरचं काळ्यावर काळं भरतकाम, ज्याचे त्यानं पैसे मोजलेत, ते गायब. पार्टी आम्हाला म्हणायची कॅमेरा भारी नाही का तुमचा.

ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधे आउटपुट रेंज लिमिटेड केली आणि टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल लो. दोन्हीकडं एकच भाषा पाहिजे, कुठली का असेना. मग एव्हीएस एचडी ७०९ नावाचे टेस्ट पॅटर्न आहेत, फुकट मिळतात, ते लावले. काळ्या पॅटर्नमधे नंबर टाकलेल्या पट्ट्या लुकलुकतात, १७ पासून पुढच्या अंधाऱ्या खोलीत अगदी पुसट दिसल्या पाहिजेत, १६ आणि खालच्या दिसता कामा नयेत. ते टीव्हीच्या ब्राइटनेसनं बसवायचं. पांढऱ्या बाजूला कॉन्ट्रास्टनं २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. शार्पनेसच्या पॅटर्नमधे काळ्या रेघेच्या बाजूला पांढरी सावली उठली की शार्पनेस जास्त झाला, ती जाईपर्यंत खाली आणायचा.

शेरवानीचं भरतकाम दिसलं. एक रुपया न घालवता. हे नीट केल्याशिवाय कुणी कॅलिब्रेशनवाला बोलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तो येऊन टीव्ही बरोबर करून जाईल आणि तुमचं कार्ड चुकीचंच पाठवत राहील. पुढं जाऊन डेकलिंकचं कार्ड घ्यायचा विचार आहे, त्यानं सिग्नल एडिटिंग सॉफ्टवेअरमधून सरळ टीव्हीला जातो, विंडोज मधे लुडबुड करत नाही.

२३ फेब्रुवारी

खोली. इकडचं ऊन माहितीच आहे, फेब्रुवारीतच पश्चिमेच्या खिडकीतून चारनंतर सरळ पडद्यावर येतं. ओएलईडीचा काळा कितीही काळा असला तरी त्याच्यावर ऊन पडलं तर तो राखाडीच. जाड पडदा शिवून घेतला. टीव्हीमागची भिंत पिस्ता कलरची होती, घरमालकाच्या आवडीची, त्याला विचारून साधा करडा रंग दिला. पिस्ता भिंतीत डोळा अडकला की मधल्या माणसांचे चेहरे उगाच तांबूस वाटतात, पडद्यात काही बदललेलं नसताना.

टीव्हीच्या मागं एलईडी पट्टी लावली, भिंतीवर पडणारा उजेड पडद्याच्या पांढऱ्याच्या साधारण १० टक्के. बाजारात खोक्यावर ६५०० के लिहिलेल्या पट्ट्या भरपूर आहेत पण सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघून घ्यायची, ९० च्या वरची, साध्या पट्टीचा पांढरा हिरवट निघतो. पडदा, रंग आणि पट्टी मिळून कॅलिब्रेशनच्या फीच्या निम्मेही गेले नाहीत आणि पार्टी आत आल्याबरोबर म्हणते की टीव्ही बदलला का.

५ मार्च

आता मोजायचं. दाजींची संभाजीनगरला ऑफसेट प्रेस आहे, त्यांच्याकडं छपाईचे रंग तपासायला आयवन प्रो स्पेक्ट्रो आहे. फोन केला, म्हणाले, "घेऊन जा की, फक्त पांढरी टाइल हरवू नका, तिच्याशिवाय ते चालत नाही." त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही, वस्तू देतानाही नाही.

मीटर दोन जातीचे असतात. कलरिमीटरमधे तीन फिल्टर, तो अंधारातलंही झटकन आणि स्थिर मोजतो, पण कुठल्या प्रकारच्या पॅनेलवर लावलाय ते त्याला सांगावं लागतं कारण ओएलईडी, क्वांटम डॉट आणि साधा एलईडी यांचा पांढरा उजेड वेगवेगळ्या लाल-हिरव्या-निळ्याचा बनलेला असतो. स्पेक्ट्रो उजेडाची पूर्ण पट्टी मोजतो म्हणून त्याला पॅनेल ओळखायची गरज नाही, पण गडद राखाडीत त्याचे आकडे हेलकावे खातात. म्हणून पक्के लोक दोन्ही आणतात, स्पेक्ट्रोवर कलरिमीटर जुळवून घेतात आणि मग कलरिमीटरनं मोजतात. माझ्याकडं एकच, तेवढ्यावर भागवलं. सॉफ्टवेअर एचसीएफआर, फुकट आहे.

टीव्ही अर्धा-पाऊण तास चालू ठेवून मगच मोजलं. पॅटर्न पूर्ण पडदाभर लावायचा नाही, मधे छोटी चौकट, कारण पूर्ण पांढरं लावलं की ओएलईडी स्वतःच मंद होतो. आकडे असे : व्हिव्हिडचा पांढरा ११ हजार केल्व्हिनच्या वर. फिल्ममेकरचा ६७५० च्या आसपास. राखाडी पायऱ्यांचा सरासरी डेल्टा ई फिल्ममेकरमधे २.९, आणि ३० टक्क्याच्या राखाडीला (काळा ० आणि पांढरा १०० धरून) ४.६, तिथं हिरवा जास्त.

डेल्टा ई म्हणजे रंग जिथं पाहिजे तिथून किती लांब पडला ते. ३ च्या आत असेल तर चालत्या पिक्चरमधे सहसा कळत नाही, १ च्या आत असेल तर दोन्ही शेजारी ठेवूनही नाही. म्हणजे नुसता मोड बदलून, लेव्हल लावून आपण बहुतेक वाट चालून आलोय. राहिलाय तो गडद राखाडीतला हिरवा.

आणि एक, नेटवर लोक आपल्या टीव्हीच्या व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे लाल-हिरवा-निळा कमीजास्त करून पांढरा जुळवायचे, आकडे टाकतात, ते उतरवून घेऊ नका. त्याच मॉडेलचे दोन पॅनेल सारखे नसतात, त्याचा दोष काढणारा आकडा तुमच्या टीव्हीत नवा दोष घालतो. मोड आणि लेव्हलच्या सेटिंग घ्या खुशाल, व्हाइट बॅलन्स नको.

९ मार्च

स्वतः टू पॉइंट, म्हणजे उजळ आणि गडद अशा दोन जागी, व्हाइट बॅलन्स करून बघितला. गेन वरच्या उजेडाला लागतो, कट गडद भागाला. ८० टक्क्याच्या पॅटर्नवर गेन, ३० वर कट, एक हलवलं की दुसरं हलतं, मग परत. पांढरा ६५०० वर आला. ३० टक्क्यातला हिरवा कमी झाला पण १० टक्क्यात लाल वर आला, आणि तिथं माझ्या मीटरचे आकडेच ठरेनात. ह्याच्या पुढं माझ्या सामानाची मजल नाही. पुण्याला फोन लावला.

१६ मार्च

पुण्याचे कॅलिब्रेशनवाले साहेब सकाळी आले, रात्रीच्या बसनं. चहा झाल्यावर पहिलं वाक्य, "टीव्ही किती तास चाललाय आतापर्यंत?" नवा पॅनेल निदान शंभर-दोनशे तास चालल्याशिवाय ते हात लावत नाहीत. आमचा चालला होता. सामान : स्पेक्ट्रो, कलरिमीटर, पॅटर्न जनरेटर, लॅपटॉपवर कॅलमन हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर. मोजायच्या आधी त्यांनी आमची लेव्हल तपासली आणि म्हणाले, "हे केलेलं आहे, बरं झालं. बऱ्याच ठिकाणी माझा पहिला तास ह्याच्यातच जातो." फी तेवढीच घेतात, तास वाचला तो राखाडीवर घालवला.

आधी स्पेक्ट्रोवर कलरिमीटर जुळवला. मग टू पॉइंट, मग ट्वेंटी पॉइंट, म्हणजे तेच वीस पायऱ्यांवर, त्यातले मोजकेच पॉइंट हलवले. मी विचारलं सगळे का नाही, म्हणाले, "प्रत्येक पॉइंट ओढला की ग्रेडियंटला पट्टे पडतात, आकडा सुंदर येतो आणि आभाळ बिघडतं." हे मला फार पटलं. कलर मॅनेजमेंट, म्हणजे एकेक रंग जागेवर आणणं, हातानं न करता थ्रीडी लट (कुठला रंग कसा दाखवायचा त्याचा तक्ता) चढवली, आमच्या टीव्हीत ती सोय आहे. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहिला पण साहेबांनी काम थांबवलं, वीज आल्यावर टीव्ही परत तापू दिला, जुनी मापं पुन्हा घेऊन जुळतात का बघितलं आणि मग पुढं. घाई नाही केली माणसानं.

दोन सेटिंग करून दिल्या, रात्रीची १०० निट्स गॅमा २.४, दिवसाची उजेड वाढवून गॅमा २.२. शेवटचा रिपोर्ट : राखाडीचा सरासरी डेल्टा ई ०.८, सगळ्यात वाईट १.६. रंगही १ च्या आसपास.

एचडीआरचं त्यांनीच सरळ सांगितलं. एचडीआरचा पीक्यू कर्व्ह, एसटी २०८४, २०१४ चा, त्यात सिग्नलचा आकडाच सांगतो की किती निट्स पाहिजेत, १० हजारापर्यंत. सिनेमे १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर बनतात, आमचा टीव्ही जातो सातशे-साडेसातशेला, वरचं सगळं टीव्ही स्वतःच्या हिशोबानं दाबून बसवतो. तो हिशोब कंपनीचा, बाहेरच्या माणसाला त्यात फार हात घालता येत नाही, पांढरा सुधारता येतो, एवढंच. म्हणून मी म्हणतो की एचडीआरचे वेगळे पैसे लावत असतील आणि तुमचं काम लग्नाचं असेल तर नुसतं एसडीआर करून घ्या.

२१ मार्च

बघायची परीक्षा. एका मेमरीत फॅक्टरीचा फिल्ममेकर, दुसऱ्यात साहेबांनी केलेलं. कुठलं कुठलं ते रिमोट हातात असलेल्यालाच माहिती. पार्टीतली माणसं, शेजारचा मोबाईलवाला, आई, आमचे एडिटर, जो येईल त्याला बसवलं.

वरात, गाणी, ड्रोनचे शॉट, जेवणावळ, ह्याच्यात बाहेरच्यांना फरक सांगता आला नाही. कुणी ह्याला बरं म्हणलं कुणी त्याला, अंदाजच. आमच्या पोरांनाही तिथं खात्री नव्हती. मग फिल्मच्या सुरुवातीचे आजी-आजोबांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावले आणि तिथं सगळ्यांनी बोट ठेवलं. फॅक्टरी सेटिंगमधे आजोबांच्या फेट्याच्या सावलीत आणि कोटाच्या बाहीवर शेवाळासारखा हिरवा थर, चेहऱ्यावर मात्र नाही, कारण चेहरा उजेडात आहे. कॅलिब्रेट केलेल्यात बाही करडी, सावली करडी, फेटा पांढरा. आईनं लगेच सांगितलं, "हा फोटो खरा." तीस टक्क्यातला तो ४.६, तो इथं बसलेला होता.

आणि खरा फायदा त्याच्यातून आमच्या टेबलावर निघाला. संध्याकाळच्या रिसेप्शनचे शॉट टीव्हीवर हिरवट दिसतात म्हणून आमचा मोठा एडिटर टाईमलाइनवर सावल्यांत मजेंटा ढकलायचा. टीव्ही सरळ झाल्यावर त्याच क्लिपमधे नवरीच्या हनुवटीखाली गुलाबी डाग दिसायला लागला. म्हणजे टीव्हीचा दोष फिल्ममधे शिरत होता, आणि फिल्म तर पेनड्राइव्हवरून दहा घरी जाते. घरी नुसता बघायचा टीव्ही थोडा चुकीचा असेल तर एका घराचं नुकसान, ज्याच्यावर बघून काम पास होतं तो चुकीचा असेल तर प्रत्येक डिलिव्हरीत तो जातो. १४ हजार मला इथं वसूल वाटतात. मनापासून.

४ एप्रिल

अहमदपूरच्या पार्टीचा फोन, नवरीची जांभळी पैठणी घरच्या टीव्हीवर निळी दिसायलीय. त्या बाजूला काम होतंच, जाऊन आलो. टीव्ही व्हिव्हिडवर, कूलवर, बैठकीत दारासमोर. मूव्ही मोड, वॉर्म २, मोशन बंद, पेनड्राइव्ह परत लावली. मुलीची आई आतून खरीखुरी पैठणी घेऊन आली आणि पडद्याशेजारी धरली. पदरातला मोर, काठ आणि तो जांभळा, हुबेहूब नाही पण जांभळाच. मीटर नाही, लट नाही, रिमोटवरचं पाच मिनिटांचं काम.

कॅलिब्रेशन करून आम्ही आमची बाजू सरळ केली, पण पार्टीच्या घरी काय लागलंय ते आमच्या हातात नाही. म्हणून आजपासून पेनड्राइव्हच्या डबीत मराठीत छापलेला कागद द्यायचं ठरलं : कुठल्या कंपनीच्या टीव्हीत कुठला मोड, कुठलं कलर टेम्परेचर, मोशन कुठून बंद करायचं. खाली एक ओळ, पहिले दोन-तीन दिवस पिवळसर वाटेल, तसंच ठेवा. मोठ्या माणसांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवायचंय.

१९ एप्रिल

परभणीला ताईकडं. तिनं २८ हजाराचा ४३ इंची एलईडी घेतलाय आणि आमच्या स्टुडिओतला बघून गेल्यापासून तिला वाटायलंय की पुण्याचे साहेब बोलवावेत. नको म्हणलं. तिच्या टीव्हीत टू पॉइंटसुद्धा नाही, फक्त कूल, नॉर्मल, वॉर्म. साहेब आले तरी फिरवणार काय, त्यांना हलवायला बटणच नाही. शिवाय काळा मुळातच राखाडी आहे, मागचा बॅकलाईट एकच, तो कुठल्याही कॅलिब्रेशननं काळा होत नाही. तेवढे पैसे टीव्ही घ्यायच्या आधी हातात असते तर वरच्या पॅनेलचा टीव्ही आला असता, तो फरक कॅलिब्रेशनच्या कितीतरी पुढचा.

तिचा डिशचा बॉक्स ५७६ रेघांवर सेट होता, टीव्ही फोरके असून. १०८० केला, ४:३ चे जुने चॅनल ताणून दाखवायचं बंद केलं, मूव्ही, वॉर्म, शार्पनेस खाली. ताईला चेहरे बारीक झालेले आवडले. भाच्याला क्रिकेटसाठी मोशन पाहिजे होतं, त्याच्यासाठी स्पोर्ट्स मोड वेगळा ठेवला, त्यात चालू. मॅचला मला त्याच्यात काही वावगं वाटत नाही.

८ जुलै

लगीनसराई संपली. दाजींचा मीटर परत मागून आणला, बघायचं होतं की साहेबांचं काम टिकलंय का. स्टुडिओत टीव्ही रोज भरपूर चाललाय, त्यात उन्हाळा ४१-४२ डिग्रीचा. पांढरा थोडा सरकलाय, निळा कमी झालाय, वरच्या राखाडीत डेल्टा ई २ च्या जवळ. डोळ्याला दिसत नाही अजून. गडद भाग जागेवर आहे असं दिसतंय, पण तिथं स्पेक्ट्रोवर माझा तेवढा भरवसा नाही.

म्हणजे एकदा पैसे दिले की कायमचं झालं असं नाही, आणि वर्षा-दीड वर्षाला १४ हजार अधिक भाडं हे एकट्या स्टुडिओला जड आहे. उदगीर आणि अंबाजोगाईवाल्यांशी बोललो. चांगला कलरिमीटर वर्गणीत घ्यायचा, किंमत एका कॅलिब्रेशनच्या दुपटीच्या आसपास पडेल, आणि तो फिरता ठेवायचा. पहिलं कॅलिब्रेशन प्रत्येकानं साहेबांकडूनच करून घ्यायचं, एकाच फेरीत सगळ्यांचं, म्हणजे भाडं वाटलं जाईल. साहेबांना विचारलं, ते तयार आहेत, वर म्हणाले की तुमचा कलरिमीटर माझ्या स्पेक्ट्रोवर प्रत्येकाच्या टीव्हीसाठी जुळवून फाईल देतो. ती फाईल मिळाली की मधली देखभाल आपल्याला जमते, नुसते गेन हलवायचे.

अंबाजोगाईवाल्यांचा टीव्ही क्वांटम डॉट आहे, त्यांची फाईल वेगळी लागेल, ते साहेबांना कळवलं. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की परत सगळे कामात अडकतात, म्हणून तारीख सप्टेंबरचीच धरलीय. उदगीरवाल्यांना लेव्हलचे पॅटर्न आजच पाठवले, त्यांनी तोवर ग्राफिक्स कार्डची रेंज बघून घ्यायचीय.